शेजारी, मोटार आणि एक ओरखडा

चाळीच्या दिवसांत शेजाऱ्या-शेजाऱ्यांची भांडणे कशावरून होत, हे जुन्या मंडळींना सांगावयास नको. सामाईक नळ, मोरीपुढची रांग, गॅलरीत कोणी आधी पापड वाळत घालायचे, या गोष्टींवरून सकाळी तोंडे फिरत आणि संध्याकाळी कोणाच्या तरी घरी खरवस झाला की ती पुन्हा जागेवर येत. पुढे फ्लॅट आले. नळ ज्याचा त्याचा झाला, मोरी ज्याची त्याची झाली, दारे बंद झाली. आता भांडणाला काही कारण उरले नाही, असे वाटत असतानाच खाली मोटारी येऊन उभ्या राहिल्या!

मोटार ही एके काळी डॉक्टरांची, बॅरिस्टरांची किंवा गिरणीमालकांची मिरास होती. मध्यमवर्गीय माणसाने फियाट किंवा अ‍ॅम्बॅसडर नोंदवायची आणि मुलगा मॅट्रिक होईपर्यंत वाट पाहायची, असा रिवाज होता. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पगारदार माणसालाही चार चाकांची स्वप्ने पडू लागली. स्वप्ने खरी झाली हे चांगलेच झाले. पण ज्या इमारती दोन मोटारी आणि दहा-बारा सायकली एवढ्या हिशेबाने बांधल्या होत्या, त्यांच्या पोटात आता बारा मोटारी आणि वीस स्कूटरी कोंबाव्या लागतात. कोथरूड असो, ठाणे असो की डोंबिवली. जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर रात्री नऊनंतर एकदा फेरी मारून पाहावी. दोन गाड्यांच्या मधून आडवे होऊन जाताना आपण कोणाच्या गाडीला घासलो नाही ना, हे आपले आपल्यालाच सांगता येत नाही.

मी आमच्या सोसायटीचा सहा वर्षे मानद चिटणीस होतो. 'मानद' याचा अर्थ पगार नाही आणि मानही नाही, हे ज्यांनी ते पद भूषविले आहे त्यांना ठाऊक आहे. त्या सहा वर्षांत माझ्याकडे आलेल्या तक्रारींत पहिला मान गळतीचा आणि दुसरा मोटारीवरच्या ओरखड्यांचा. गळतीची तक्रार घेऊन येणारा माणूस त्रासलेला असे. ओरखड्याची तक्रार घेऊन येणारा दुखावलेला असे. कारण गळती कोठून होते हे त्याला ठाऊक नसे, पण ओरखडा कोणी काढला याबद्दल मात्र त्याच्या मनात तिळमात्र शंका नसे!

याच विषयावर चार अनुभवाचे शब्द सांगावेत म्हणून हा लेखनप्रपंच. माझे म्हणणे थोडक्यात असे की, ओरखडा मोटारीवर उमटतो खरा, पण भांडण असते ते जागेचे. आणि ज्याने ओरखडा नीट पाहिला व जागा नीट मोजली, त्याला शेजाऱ्याशी वैर धरण्याची पाळी सहसा येत नाही.

संशयाचा प्रताप

आधी माझ्या एका मित्राची हकीगत सांगतो. मित्र दादरच्या एका इमारतीत राहतो. इमारतीला खाली खांबांवर उभारलेला वाहनतळ आहे आणि त्याच्या छतावर थोडी फुलझाडे लावलेली आहेत. एका पावसाळ्यात त्याच्या निळ्या मोटारीच्या टपावर आणि बॉनेटवर पांढरे डाग दिसू लागले. पुसले तर जाईनात. घासले तर डाग गेला, पण खाली रंगाची चमक गेलेली. त्याच्या मागच्याच महिन्यात वरच्या बिऱ्हाडाशी त्याची नातवंडांच्या दंग्यावरून बोलाचाली झाली होती. झाले! वरून कोणी तरी काही तरी ओतते, हा निष्कर्ष एका रात्रीत पक्का झाला. रविवारी सकाळी, सगळे दूध घ्यायला खाली उतरलेले असताना, माझ्या मित्राने आवाज चढवून विचारले, वरच्या मंडळींनी आवाज चढवून उत्तर दिले आणि दोन्ही घरच्या बायकांनी त्यात भर घातली.

पुढे महिनाभराने गळती दुरुस्त करणारा मिस्त्री आला. त्याने छताकडे बोट दाखविले. सिमेंट काँक्रीटमधून पाणी झिरपताना आपल्याबरोबर चुना घेऊन येते. तो थेंब गाडीवर पडून वाळला की पांढरा डाग उरतो, आणि ते पाणी तिखट क्षारयुक्त असल्यामुळे तसेच राहू दिले तर रंगावरचे पारदर्शक कवच खाऊन टाकते. वाहनतळाच्या छतावर असे चुन्याचे लोंबते काटेही दिसतात. मित्राच्या डोक्यावर ते वर्षभर लोंबत होते! डाग गेले, छत दुरुस्त झाले, पण दोन बिऱ्हाडांत पडलेले अंतर काही त्या मिस्त्रीला बुजविता आले नाही. त्या वर्षीच्या दिवाळीत फराळाची ताटे वर गेली नाहीत की खाली आली नाहीत. अजूनही जिन्यात भेट झाली तर एक जण मोबाइलमध्ये पाहतो आणि दुसरा चपलेकडे.

संशय हा असा असतो. तो गाडीकडे पाहतच नाही. तो मागच्या भांडणाकडे पाहतो. ज्याच्याशी आपले बिनसलेले असते, त्याच्याच हातात आपण मनातल्या मनात किल्ली देतो आणि त्याच्याकडून आपल्या गाडीवर रेघ ओढवून घेतो.

ओरखडा वाचावयास शिका

म्हणून पहिली गोष्ट ही की, माणसाकडे जाण्यापूर्वी ओरखड्याकडे जावे. दिवसाच्या उजेडात, हातात मोजपट्टी घेऊन, शांतपणे पाहावे. ओरखडा पुष्कळ काही सांगतो.

मोटारीचा कारखान्यातला रंग सारे थर धरून साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीचा असतो. सर्वांत वर पारदर्शक कवच, त्याखाली आपल्याला दिसणारा रंग, त्याखाली अस्तर आणि मग पत्रा. रेघेवरून आडवे नख फिरवावे. नख अडकले नाही, तर बहुधा वरच्या कवचालाच खरचटले आहे आणि ते चांगल्या पॉलिशने निघेल. नख अडकले आणि तळाशी पांढरट किंवा करडे अस्तर दिसले, तर रंगकाम आले. पत्रा उघडा पडला असेल तर पावसाळ्यापूर्वी तो झाकलाच पाहिजे, नाही तर गंज धरेल. कधी कधी रेघेत परका रंग भरलेला असतो. तो आपल्या गाडीचा नसून घासून गेलेल्या वाहनाचा असतो. त्याचे छायाचित्र आधी घ्यावे आणि मगच पुसावे.

मग उंची मोजावी. किल्लीने मुद्दाम ओढलेली रेघ बहुधा हात सहज पोचेल तेथे, वरखाली हेलकावत जाते. स्कूटरच्या ब्रेकच्या दांड्याची किंवा सायकलच्या मुठीची रेघ एकाच उंचीवर, सरळ जाते. शेजारच्या गाडीचे दार उघडताना आपटले असेल तर उभी, आखूड खूण उमटते आणि ती नेमकी त्या दाराच्या कडेच्या उंचीवर असते. चेंडूने पडलेला पोचा गोल असतो आणि त्यात रेघ नसते. थंडीच्या दिवसांत गाडी नुकतीच येऊन उभी राहिली की मांजर ऊब शोधत बॉनेटवर चढते; तिच्या नखांच्या रेघा बारीक, आखूड आणि एकीशेजारी एक अशा असतात. सर्व गाडीभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल बारीक रेघा दिसल्या, तर त्याचा दोष शेजाऱ्याकडे नसून एकाच बादलीत एकच फडके बुडवून दहा गाड्या पुसणाऱ्या पोऱ्याकडे जातो. आणि गाडी चालूच होत नसेल, तर कोणी तारा कापल्या म्हणून ओरडण्याआधी बॉनेट उघडून उंदराच्या लेंड्या आहेत का ते पाहावे!

त्यानंतर आठवावे की, मागल्या दोन-तीन दिवसांत आवारात कोण कोण येऊन गेले. कोणाचे सामान टेंपोतून उतरले का? गॅसच्या टाक्या आल्या का? रंगाऱ्यांचे बांबू, मांडवाचे वासे या बाजूने नेले का? बाहेर जाऊन आलेली गाडी बाजारातूनच ओरखडा घेऊन आली नसेल कशावरून? बहुतेक जणांना ओरखडा दिसतो तो सकाळी, आपल्या आवारात. म्हणून तो तेथेच पडला असे ते धरून चालतात.

माझ्या गाडीची गोष्ट

आता वाचक म्हणतील की, दुसऱ्यांना शहाणपण सांगणे सोपे आहे. तेव्हा घरचेच उदाहरण देतो.

मी चिटणीसपदावरून उतरल्यानंतरची गोष्ट आहे. नव्या समितीने गाड्यांच्या जागांची फेरआखणी केली आणि माझी गाडी जिन्याजवळच्या खांबाशेजारी आली. त्या खांबापाशी आमच्या शेजारच्या नानांची स्कूटर बारा वर्षे उभी राहत असे. नाना म्हणजे सत्तरी ओलांडलेले, सेवानिवृत्त, रोज सकाळी स्कूटरवरून मंडईत जाऊन भाजी आणणारे गृहस्थ. नव्या आखणीत त्यांची स्कूटर खांब आणि माझी गाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत गेली. आखणी माझी नव्हती, पण गाडी माझी होती. नाना सभेत काही बोलले नाहीत. मात्र त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणे कमी केले.

श्रावणातल्या एका सकाळी मी खाली उतरलो तो गाडीच्या डाव्या बाजूला, मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत, हातभर लांब रेघ! आमच्या सौभाग्यवतींनी रेघ पाहिली आणि तत्काळ निकाल दिला.

"अहो, हे त्यांचंच काम! परवा जिन्यात मी हसले तर तोंड फिरवून गेले."

"तोंड फिरवलं म्हणजे गाडीवर रेघ ओढली असं कुठं आहे?"

"तुम्ही बसा पुरावे शोधत. मी आता वहिनींकडून विरजण आणायला जायची नाही."

मी मोजपट्टी आणली. रेघ जमिनीपासून सदतीस इंचांवर, खिडकीच्या काचेच्या किंचित खाली, एकाच उंचीवर सरळ गेलेली. किल्लीची नव्हे, हे उघड होते. स्कूटर तेथे उभी होतीच. तिच्या ब्रेकच्या दांड्याचे टोकही त्याच उंचीवर आले. मग मी खांब आणि गाडी यांमधील जागा मोजली. ती चौतीस इंच भरली. स्कूटरच्या मुठी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अठ्ठावीस इंच. म्हणजे सहा इंचांच्या फरकात त्या वयाच्या माणसाने रोज अडीच मणांचे धूड मागे-पुढे ढकलायचे! मला नवल वाटले ते ओरखडा पडला याचे नव्हे, इतके दिवस पडला नव्हता याचे.

मी रविवारी संध्याकाळी, त्यांचा चहा झाला असेल अशा बेताने, एकटाच त्यांच्याकडे गेलो. काकूंनी "या, बसा" म्हटले. मी बसलो. म्हटले, "नाना, त्या खांबापाशी जागा फार अपुरी पडतेय. माझ्या गाडीला ओरखडा गेलाय. तुमच्या स्कूटरला कुठे लागलं नाही ना? मी जागा मोजली. तिथून स्कूटर काढणं कुणालाही जमायचं नाही. समितीला आपण दोघांनी मिळून पत्र देऊ या का?"

नानांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "माझ्या स्कूटरला काही झालेलं नाही," एवढेच म्हणाले. मी पत्राचा मसुदा टेबलावर ठेवला, चहा घेतला आणि उठलो.

सहा दिवस काही घडले नाही. घरात मला माझ्या भोळेपणाबद्दल दोन-तीनदा ऐकावे लागले. सातव्या दिवशी रात्री दार वाजले. नाना उभे होते. हातात पत्राचा मसुदा, खाली सही केलेला. आत यायला तयार होईनात. म्हणाले, "संध्याकाळी लवकर अंधारतं हल्ली. मला तो दिवा फुटल्यासारखा दिसतो. डॉक्टर मोतीबिंदू म्हणतात. गाडीला लागलं ते मला कळलं होतं. पण मुलाला कळलं तर तो स्कूटर विकून टाकील. त्याचा बंगलोरहून रोज फोन असतो."

तेव्हा माझ्या ध्यानात आले की, तो म्हातारा माझ्यापासून ओरखडा लपवीत नव्हता. तो आपल्या मुलापासून आपले म्हातारपण लपवीत होता. स्कूटर गेली म्हणजे मंडई गेली, मंडईतली चार ओळखीची माणसे गेली आणि उरली ती खिडकीतली खुर्ची. मी त्या रविवारी नुसते "हे तुम्हीच केलंत" एवढे म्हणालो असतो, तर त्यांनी मरेपर्यंत नाही म्हटले असते, आणि अंधारात ती स्कूटर चालविणे मात्र चालूच ठेवले असते. आज गाडीला लागले. उद्या रस्त्यात कोणाला लागले असते.

रंगकामाचा खर्च साडेचार हजार आला. नाना म्हणाले, सगळा देतो. मी म्हटले, अर्धा द्या. अर्धा त्या खांबाचा. पैसे मुळीच घ्यायचे नाहीत, असे आमच्या घरात सुचविले गेले. आदल्या आठवड्यात जिने निकाल दिला होता तीच ही, हे विशेष! पण मी अर्धे घेतले. पैसे नाकारून त्यांना उपकाराच्या ओझ्याखाली ठेवण्यापेक्षा ते बरे. नानांनी दसऱ्यानंतर डोळ्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तोवर स्कूटरची किल्ली काकूंच्या डब्यात होती. समितीने स्कूटरी पलीकडच्या भिंतीलगत नेल्या. ओरखड्याची हकीगत त्यांच्या मुलाला माझ्याकडून कळलेली नाही, आणि येथेही ती ओळखू येणार नाही एवढी काळजी मी घेतली आहे.

विचारावे कसे?

शेजाऱ्याला विचारायचे तर ते एकट्याने, त्याच्या घरी, बसून विचारावे. जिन्यात, पहारेकऱ्यासमोर किंवा त्याच्या मुलाबाळांदेखत विचारू नये. चारचौघांत विचारलेल्या प्रश्नाला माणूस खरे उत्तर देत नाही, तो फक्त आपली अब्रू सांभाळतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲपच्या गटावर तर नाव घेऊन एक अक्षरही लिहू नये. तेथे लिहिलेले पन्नास घरांत एका क्षणात वाचले जाते, पुसले तरी कोणाच्या तरी यंत्रात राहते, आणि पुराव्यावाचून केलेला असा आरोप भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमाखाली अब्रुनुकसानीचा विषय होऊ शकतो. म्हणजे ओरखडा आपल्या गाडीला आणि आरोपी आपण!

प्रश्न असा असावा की, समोरच्याला खरे बोलण्याची वाट मोकळी राहील. "तुम्ही केलंत का?" याला 'नाही' हे एकच उत्तर असते. "तुमच्या गाडीलाही लागलं का?" "त्या रात्री कोणी दिसलं का?" या प्रश्नांना पुष्कळ उत्तरे आहेत. आणि उत्तर तत्काळ मिळावे असा हट्ट नको. नानांना सात दिवस लागले.

पण मुद्दाम केले असेल तर?

सगळेच शेजारी नाना नसतात, हेही मी चिटणीस म्हणून पाहिले आहे. आमच्याच आवारात एका सभासदाच्या गाडीच्या चाकांतील हवा लागोपाठ चार रविवारी कोणी तरी काढली. पाचव्या वेळी बॉनेटवर किल्लीने फुली! येथे गोड बोलून भागणार नव्हते. त्या गृहस्थांनी डोके शांत ठेवले, हे त्यांचे मोठेपण. त्यांनी दर वेळी तारखेसह छायाचित्रे काढली, समितीला लेखी अर्ज दिला आणि फाटकावरील कॅमेऱ्यातील चित्रण जपून ठेवण्याची विनंती केली. ही विनंती लगेच करावी लागते. कारण त्या यंत्रात ठराविक दिवसांनी जुन्या चित्रणावर नवे चढते आणि मग हळहळण्यापलीकडे काही उरत नाही. चित्रण पुढे न्यायालयात दाखवायचे तर २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र लागते, हेही ध्यानात असावे.

कायदा काय म्हणतो? १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ३२४ व्या कलमात दुसऱ्याच्या मालमत्तेची जाणूनबुजून नासधूस करण्याच्या गुन्ह्याला शिक्षा सांगितली आहे. साध्या प्रकरणी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. नुकसान वीस हजारांपासून एक लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत आणि एक लाख वा अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत कैद. मात्र यात हेतू किंवा जाणीव सिद्ध व्हावी लागते. हात चुकून लागलेला धक्का हा गुन्हा नव्हे. त्याची भरपाई मागता येते, पण त्यासाठी कोणाला तुरुंग दाखविता येत नाही. किरकोळ नुकसानीचा गुन्हा अदखलपात्र असतो. पोलीस तक्रार नोंदवहीत लिहून घेतात, ज्याला आपण 'एन. सी. केली' म्हणतो, परंतु न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकुमावाचून त्यांना तपास करता येत नाही. तरीही नोंद व्यर्थ नाही. खोडी पुन्हा झाली तर पहिली केव्हा झाली होती याचा तो कागद असतो.

आमच्या त्या प्रकरणात चित्रण मिळाले. दोन वडीलधाऱ्या सभासदांसमोर ते दाखविल्यावर खोडी करणाऱ्याने खर्च भरून दिला आणि लेखी माफी मागितली. त्याचा राग कशाचा होता म्हणाल? पाहुण्यांची गाडी उभी करण्याच्या एका जागेचा! फुली मारणाऱ्याच्या वडिलांच्या आजारपणात डॉक्टरांची गाडी तेथे उभी राहू दिली नव्हती. त्याने त्याचे कृत्य क्षम्य ठरत नाही. पण आम्ही त्याच सभेत आजाऱ्याच्या आणि डॉक्टरांच्या गाडीसाठी एक जागा राखून ठेवली, आणि तो प्रकार पुन्हा झाला नाही.

सूड म्हणून त्याच्या गाडीची हवा काढणे, वाटेत कुंड्या आडव्या लावणे, हे मार्ग पुष्कळांना सुचतात. ते सुचले की खुशाल मनात करावेत आणि झोपी जावे.

विम्याचा हिशेब

"विमा आहे ना, मग काळजी कसली?" असे म्हणणाऱ्यांनी कागद-पेन्सिल घ्यावी. सक्तीचा जो तृतीय पक्षाचा विमा, त्यात आपल्या गाडीच्या ओरखड्याला काही मिळत नाही. त्यासाठी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा लागतो. त्यात कोणी खोडसाळपणे केलेले नुकसानही येते. परंतु त्याच्या हप्त्यावर, मागणी न केल्याबद्दल, पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षापासून ५० टक्के सूट मिळते. एकदा मागणी केली की सूट शून्यावर येते आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे लागते.

समजा, नुकसानीच्या विम्याचा हप्ता आठ हजार आहे आणि आपण ५० टक्क्यांवर पोचलेले आहात. मागणी केल्यावर पहिल्या वर्षी चार हजार, मग चोवीसशे, दोन हजार, बाराशे आणि चारशे, असे हप्ता तोच राहील असे धरून पाच वर्षांत एकूण दहा हजार रुपये जादा जातात. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला दर मागणीत पहिले एक हजार आपल्या खिशातूनच जातात. म्हणजे साडेचार हजारांच्या रंगकामासाठी साडेतीन हजार मिळवायचे आणि दहा हजार घालवायचे! लहान ओरखडा खिशातून भरावा आणि विमा मोठ्या संकटासाठी ठेवावा, हे गृहिणीच्या हिशेबाला पटण्यासारखे आहे.

मूळ रोग जागेचा

आता मुख्य मुद्दा. ज्या सोसायटीत जागांची वाटणी उघड आणि नियमाने होते, तेथे ओरखडे कमी पडतात आणि पडले तरी त्यांचे वैर होत नाही, असा माझा अनुभव आहे. पुष्कळ जण 'माझी जागा बिल्डरकडून विकत घेतली आहे' या समजुतीवर वर्षे काढतात. दहिसरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी असा निर्णय दिला की, १९६३ च्या महाराष्ट्राच्या सदनिका कायद्याखाली उघडी किंवा इमारतीच्या खांबांखालची गाड्यांची जागा बिल्डरला फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही; ती सामाईक जागा आहे. पुढे २०१६ चा स्थावर संपदा कायदा आला आणि आच्छादित जागांचा विचार त्यात निराळा आहे. म्हणून आपल्या इमारतीचे कागद कोणत्या काळातले आहेत ते आधी पाहावे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे जागा देण्याचे काम संस्थेचे आहे. आणि गाड्या जास्त व जागा कमी असतील, तर दर वर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करण्याची तरतूद आहे. एका वर्षी खांबाशेजारची अडचणीची जागा वाट्याला आली तर पुढल्या वर्षी दुसऱ्याची पाळी, एवढे कळले की माणूस मनात कढत बसत नाही.

त्याशिवाय एक साधी गोष्ट करावी. समितीने मोजपट्टी घेऊन खाली उतरावे. स्कूटर काढण्याची वाट, दार उघडण्याची जागा, म्हाताऱ्या माणसाचा वावर हे मोजावे आणि मग रंगाचे पट्टे मारावेत. खांबांना रबराची पट्टी लावावी, अंधाऱ्या कोपऱ्यात एक दिवा जास्त लावावा. आमच्याकडे एवढे केल्यावर समितीच्या वहीत ओरखड्यांची पाने कोरी राहू लागली. गळतीची मात्र अजून भरतातच!

खेड्यांसाठी १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले तंटे गावातच, सामोपचाराने मिटावेत हा तिचा हेतू. शहरातल्या सोसायटीला अशी मोहीम लाभली नाही. पण सभासदांपैकी ज्यांच्या शब्दाला मान आहे अशा दोघा-तिघांना वर्षाच्या सभेतच नेमून ठेवण्यास कोणाची हरकत असणार? तंटा झाल्यावर पंच शोधू लागलो की प्रत्येक जण कोणाच्या तरी बाजूचा ठरतो.

दिवाळीत रोषणाईसाठी, सामानासाठी, पाहुण्यांसाठी आवारात वर्दळ वाढते. गाड्या जास्त येतात आणि फटाकेही त्यांच्या आसपासच उडतात. तेव्हा भाऊबीज आटोपल्यावर एखाद्या सकाळी कोणाच्या ना कोणाच्या दारावर नवी रेघ दिसणारच. ती आपल्या गाडीवर दिसली, तर आधी मोजपट्टी काढावी, छायाचित्र घ्यावे आणि तो दिवस जाऊ द्यावा. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याचे ताट परत करावयाचे असेलच; ते रिकामे परत करण्याची आपल्याकडे रीत नाही. त्यात चार चकल्या घालाव्यात, आणि त्याच्याकडे बसल्यावर मग हळूच विषय काढावा.